‘खरेदी’ म्हणायचं आणि भाड्याने द्यायचं



मागच्या आठवड्यात मंडळात स्वाध्याय झाल्यावर मुलांच्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला. एकीचा मुलगा पाच हजारांचा गेम मागतोय, दुसरीच्या नातवाने आईच्या कार्डवरून परस्पर घेतला. सगळ्यांचं एकच मत पडलं : "घेऊच नये. नुसता अनर्थदंड. त्याच्या किमतीची चर्चा कशाला करायची?" आरतीची वेळ झाली होती म्हणून मी गप्प बसले. पण मला ते पटलेलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आपण बहुतेक व्यापाऱ्यांच्या लेकी-सुना. खोटं माप आणि खोटी पावती ओळखायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग मुलं तक्रार करतात तेव्हा आपण ती ऐकूनही का घेत नाही?

माझा नातू कॉम्प्युटरवर खेळतो. गेल्या दिवाळीत त्याला मी एक गेम दुकानातून आणून दिला. दुकानाचं नाव घेत नाही. छान डबा, वर चित्र. उघडला तर आत डिस्कच नाही, एक कागद आणि त्यावर लांबलचक कोड. मी म्हटलं, "अरे, परत करू या." तो हसला. "आजी, आता असंच असतं. कोड टाकला की माझ्या खात्यात जमा. मला तो विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, आणि खातं बंद झालं की गेला." मी म्हटलं, "मग हे विकत घेतलं कुठे? हे तर भाडं झालं." तो म्हणाला, "तेच तर आम्ही ओरडतोय."

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण विकत घेणं आणि भाड्याने घेणं यातला फरक विसरलेली नाही. विकत घेतलेली वस्तू आपली मालमत्ता असते. ती विकता येते, दान करता येते, वारसाला ठेवता येते. भाड्याच्या वस्तूचा करार मालकाच्या मर्जीने संपतो, म्हणून तिची किंमतही कमी असायला हवी. इथे किंमत खरेदीची घेतात आणि हक्क भाडेकरूचा देतात.

हे मी मनाने सांगत नाही. कॉम्प्युटरवरच्या गेमचं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे स्टीम. ते 2003 साली सुरू झालं. ऑक्टोबर 2024 पासून तिथे पैसे भरताना एक ओळ दिसते, की तुम्हाला वस्तूचा फक्त परवाना मिळतो आहे. ती सुद्धा आपणहून आलेली नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की फक्त परवाना देत असाल तर ग्राहकाला ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरू नका. त्या कायद्याच्या तोंडावर ही ओळ आली. म्हणजे वीस वर्षं बटणावर एक लिहिलेलं होतं आणि करारात दुसरं. हे खातं मृत्युपत्राने मुलांना देता येत नाही, हेही स्टीमने सांगून टाकलंय.

परवाना गेला म्हणजे काय होतं तेही पाहा. ‘द क्रू’ नावाचा मोटार शर्यतीचा गेम युबिसॉफ्ट कंपनीने 2014 मध्ये काढला. 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायलासुद्धा तो सर्व्हर लागायचा, त्यामुळे पूर्ण पैसे मोजलेल्यांच्या हातात दहा वर्षांनी काहीच उरलं नाही. मूडबिद्रीची धवलाची ताडपत्रं शेकडो वर्षं टिकली, अजून वाचता येतात. श्रुतपंचमीला आपण घरातल्या पोथ्या पुसून पुन्हा बांधून ठेवतो. आणि 2014 चा गेम 2024 मध्ये विकणाऱ्यानेच पुसून टाकला.

किमतीबद्दल मात्र न्यायाने बोलते. मोठ्या गेमची किंमत अमेरिकेत 2005-06 च्या सुमारास 60 डॉलर होती, 2020 मध्ये 70 झाली, 2025 मध्ये निन्टेन्डोने एक गेम 80 ला काढला. महागाईशी ताळा केला तर ही वाढ जास्त नाही. आपल्याला ती टोचते कारण तेव्हा डॉलर 44-45 रुपयांना होता आणि आता 85 च्या पुढे गेलाय. तरी मी किंमत वाढली म्हणून भांडत नाही. पूर्वी खेळून झालेली डिस्क मित्राला देता यायची, अर्ध्या किमतीत विकता यायची. वरच्या इयत्तेची पुस्तकं आपण शेजारच्या मुलाला देतो ना, तसंच. तो रस्ता बंद झाला, आणि किंमत तीच राहिली किंवा वाढली. माझ्या हिशोबात ही खरी दरवाढ.

महिन्याची वर्गणी भरा म्हणतात, त्याचंही तेच. एक्सबॉक्सच्या सगळ्यात वरच्या वर्गणीचा अमेरिकेतला दर ऑक्टोबर 2025 मध्ये सुमारे 20 डॉलरवरून 30 झाला. आधी स्वस्तात सवय लावायची, मग भाडं दीडपट करायचं.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याचे पाच अतिचार आहेत. त्यातले शेवटचे दोन आठवा : हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार. घेताना जड माप आणि देताना हलकं, आणि एक दाखवून दुसरं गळ्यात मारणं. तुपात डालडा घालणाऱ्याला आपण या नावाने ओळखतो. मग ‘खरेदी’ लिहून भाडेपावती देणाऱ्याला वेगळा न्याय का? गिऱ्हाईक मूर्ख आहे किंवा वस्तू फालतू आहे, म्हणून काटा मारणाऱ्याचा दोष कमी होत नाही.

आता मंडळातल्या मैत्रिणींचा मुद्दा. गेम अनर्थदंड आहेत हे मलाही बऱ्याच अंशी मान्य आहे. मारामारीचे तर घरात नकोतच. राजा यशोधराने पिठाचा कोंबडा बळी दिला, त्याचं फळ किती जन्म भोगलं हे आपण लहानपणापासून ऐकलंय. खोटं मारणंसुद्धा भावहिंसा आहे, आणि हे मी नातवाला स्पष्ट सांगितलंय. तो फुटबॉलचे, शेतीचे, गाड्यांचे गेम खेळतो. पण "सगळंच वाईट" म्हणून आपण पाठ फिरवली की मुलगा आपल्याला विचारायचं सोडतो. मग तो कार्ड न विचारता वापरतो. मंडळात सांगितलेली दुसरी गोष्ट तशीच घडली असणार, असं मला वाटतं.

नातवाच्या बाजूलाही मी पूर्ण नाही. त्याचे मित्र म्हणतात, कंपन्या लुटतात तर आम्ही फुकट कॉपी उतरवली तर काय बिघडलं? बिघडलं. चोरीचा माल घेणं, तदाहृतादान, त्याच पाच अतिचारांत आहे. समोरचा काटा मारतो म्हणून आपण त्याच्या दुकानातून पोतं उचलून आणत नाही, दुसऱ्या दुकानात जातो. आणि त्याचं खातं मी उघडून पाहिलं, तर सेलमध्ये घेतलेले साठ-सत्तर गेम आणि खेळून संपवलेले जेमतेम नऊ. मी म्हटलं, "बाळा, कंपनी लबाड आहे हे खरं, पण हा ढीग तुझा. याला परिग्रह म्हणतात. आणि तोही तुझ्या मालकीचा नाही." तो काही बोलला नाही, पण दसऱ्याच्या सेलला त्याने काही घेतलं नाही.

आमच्या घरी आता ठरलंय. एक गेम संपल्याशिवाय दुसरा नाही. कार्ड कुठल्याही दुकानात साठवून ठेवायचं नाही. घेण्याआधी एकच प्रश्न, इंटरनेट नसताना हा चालेल का? चालत असेल आणि फाईल आपल्याकडे ठेवता येत असेल तर खरेदी म्हणून किंमत द्यायची, नाहीतर भाडं समजून फार तर चौथाई. अशी फाईल देणारी दुकानं आहेत. पोलंडचं जीओजी 2008 पासून हेच करतं. म्हणजे सचोटीने हा धंदा होत नाही असं कुणी सांगू नये.

आणि बोलून काय होतं, असंही म्हणू नका. ‘द क्रू’ गेल्यावर युरोपातल्या गेमरनी सह्या गोळा केल्या, 2025 मध्ये त्या दहा लाखांच्या वर गेल्या. त्याआधीच, 2024 मध्ये, लोकांचा राग पाहून युबिसॉफ्टने त्या मालिकेचे पुढचे गेम सर्व्हरशिवाय चालतील असं करण्याचं कबूल केलं. गिऱ्हाईक बोललं की दुकानदार ऐकतो.

म्हणून पुढच्या वेळी मुलगा पाच हजार मागेल तेव्हा नाही जरूर म्हणा, पण आधी दहा मिनिटं त्याच्याजवळ बसून पावती वाचा. भाजीवाल्याचा काटा आपण रोज बघतो. हाही बघू या.

जय जिनेंद्र.