आरसी डोनरची, गाडी कोणाची?

जुनी कॉन्टेसा किंवा जिप्सी 'डोनर' म्हणून घ्यायची, बॉडी उतरवायची, खाली नळ्यांची नवी चासी वेल्ड करायची, वर फायबरची कोब्रा नाहीतर सेव्हन चढवायची. आणि रस्त्यावर काढताना खिशात आरसी मात्र मूळ गाडीचीच. अशा कामाची विचारणा आपल्या धंद्यात आता कोणाला नवी नाही. गिऱ्हाईक हौशी असतं, पैसे मोजायला तयार असतं आणि 'पासिंगचं माझ्यावर सोडा' असंही ऐटीत सांगतं. या मासिकाचं मत सुरुवातीलाच सांगतो: या अटीवर हे काम घेऊ नका. प्रतिकृती बांधणं हे आपल्या व्यवसायातलं सगळ्यात शिकवणारं काम आहे, आणि ते उजळ माथ्याने करता यावं असा मार्ग या देशात निघायलाही हवा. पण डोनरच्या आरसीवर फिरणारी प्रत्येक गाडी तो मार्ग आणखी लांब ढकलते.

ही कारागिरी ब्रिटनमध्ये फोफावली ती निव्वळ हौसेने नाही. १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने सेव्हन आणली: नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, फोर्डचं ११७२ सीसीचं साधं साइडव्हॉल्व्ह इंजिन. तयार गाडीवर तिथे खरेदीकर पडे, सुट्या भागांच्या संचावर पडत नसे. म्हणून गाडी खोक्यांतून घरी जाई आणि मालक ती गॅरेजमध्ये जोडी. संचासोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जाईल, म्हणून कंपनीने गाडी सोडवण्याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून वाचल्या, असा किस्सा सांगतात. १९७३ मध्ये खरेदीकर जाऊन व्हॅट आला आणि करातला हा फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. तिची वंशावळ अजून चालू आहे.

कर गेला तरी सवय राहिली. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाने फोर्ड एस्कॉर्टला डोनर धरून अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी याचं पुस्तक लिहिलं. एक इंची चौकोनी नळी, १६ गेज, आणि संध्याकाळचा मोकळा वेळ एवढ्यावर हजारो हौशी माणसं वेल्डिंग शिकली. पुढे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या एस्कॉर्ट भंगारातही मिळेनाशा झाल्या. मग फोर्ड सिएरा आणि नंतर माझदा एमएक्स-५ डोनर झाली. बाजारात स्वस्त काय मिळतं यावर प्रतिकृतीचा सांगाडा ठरतो, मूळ गाडीच्या इतिहासावर नाही.

कोब्राचंही तेच. कॅरोल शेल्बीने १९६२ मध्ये इंग्लंडच्या एसी एस या नाजूक गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं. १९६५ मध्ये जाड नळ्यांची, कॉइल स्प्रिंगांची '४२७' आली. सगळ्या मिळून मूळ गाड्या सुमारे हजार. आज रस्त्यावर दिसणारी कोब्रा बहुतेक वेळा प्रतिकृतीच असते. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेल्या फॅक्टरी फाइव्ह कंपनीने फोर्ड मस्टँगला डोनर केलं, तर ब्रिटनमधल्या अनेक संचांनी जॅग्वार एक्सजे-६ ला. जॅग्वारचं मागचं सस्पेन्शन एका पिंजऱ्यात बसवलेलं असतं. डिफरन्शियल, डिस्क, हाफशाफ्ट, स्प्रिंग सगळं एकत्र खाली उतरतं आणि तसंच दुसऱ्या चासीत चढतं. कारागिराला याहून सोयीचं दान मिळणं कठीण. फक्त त्या डिस्क चाकाजवळ नसून डिफला चिकटून आहेत, त्यांच्या उष्णतेने डिफचे ऑइल सील जातात आणि मग तेल थेट ब्रेकवर. पिंजरा उतरवला आहे तेव्हाच सील, बेअरिंग, हँडब्रेकचे छोटे कॅलिपर बदलून घ्यायचे. चासीत चढवल्यावर हात पोचत नाही.

इथे आपल्याकडच्या कामातली मोठी गफलत दिसते. आपला फॅब्रिकेटर साचा उत्तम काढतो, जेलकोट आरशासारखा आणतो आणि डोनरचे भाग 'चालू आहेत ना' एवढंच बघून जसेच्या तसे बसवतो. चालू असणं आणि या गाडीला लागू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोनर गाडीतला प्रत्येक भाग तिच्या वजनासाठी, तिच्या उंचीसाठी, तिच्या चाकांमधल्या अंतरासाठी आखलेला असतो. आपण नेमकं तेच बदललेलं असतं.

स्प्रिंग घ्या. स्प्रिंग तीच ठेवून तिच्यावरचं वजन निम्मं केलं, तर गाडीच्या उसळीची वारंवारता सुमारे १.४ पट होते. गाडी दगडासारखी चालते, खड्ड्यात टायर रस्ता सोडतो. यावर आपल्याकडचा सर्रास उपाय म्हणजे गाडी उंच दिसते म्हणून कॉइलचा एक वेढा कापणं. वेढा कापला की स्प्रिंग आणखी कडक होते, हे प्रत्येक मिस्त्रीला माहीत असायला हवं. गाडी खाली येते खरी, पण रोग वाढतो. चारही चाकांखाली काटे ठेवून कोपऱ्याकोपऱ्याचं वजन घ्या आणि त्यावरून नवी स्प्रिंग मागवा.

ब्रेकचा हिशेब याहून गंभीर आहे. समजा डोनरचं वजन १२०० किलो, गुरुत्वमध्याची उंची ५५० मिलिमीटर, व्हीलबेस २५०० मिलिमीटर. ०.८ जी इतका जोरदार ब्रेक लावला की मागून पुढे सुमारे २११ किलोचा भार जातो. हेच भाग ६०० किलोच्या, ४०० मिलिमीटर उंचीच्या मध्याच्या आणि २२५० मिलिमीटर व्हीलबेसच्या प्रतिकृतीत टाकले, तर पुढे सरकणारा भार जेमतेम ८५ किलो. वजनाच्या टक्केवारीत बघितलं तर १७.६ वरून १४.२. त्यातच इंजिन मागे सरकवलेलं असतं, म्हणजे पुढच्या चाकांवर मुळातच भार कमी. डोनरचे मोठे पुढचे कॅलिपर आता अवाजवी होतात, पुढची चाकं लवकर घसरू लागतात आणि मागची चाकं नुसती फिरत राहतात. हे वाईटच, पण निदान गाडी सरळ राहते. खरा धोका पुढचा आहे. ब्रेक पकडत नाही म्हणून कोणीतरी मागे डिस्क बसवतं किंवा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह काढून टाकतं. मग मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी गरकन फिरते. मास्टर सिलिंडरचा बोअर, सर्व्हो ठेवायचा की नाही, व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, हे सगळं गाडीचं खरं वजन घेतल्यावरच ठरवता येतं. अंदाजावर नाही.

अर्थिंग तर छोटी गोष्ट, पण निम्म्या तक्रारी तिच्यातून येतात. डोनरमध्ये पत्र्याची बॉडी हीच परतीची तार असते; फायबरमधून वीज जात नाही. दिवे, हॉर्न, पेट्रोलचा सेंडर, प्रत्येकाला चासीपर्यंत वेगळी तार लागते, आणि इंजिनपासून चासीला जाड पट्टी. ती विसरली की स्टार्टरचा करंट क्लचच्या नाहीतर थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. वायरिंग उतरवताना प्रत्येक टोकाला चिठ्ठी न बांधणाऱ्याने या कामात पडू नये. फोन हातात असताना फोटो न काढण्याला तर काहीच सबब नाही.

ब्रिटनमधल्या घरगुती कारागिरांना ही शिस्त उपजत नव्हती. ती तपासणीने लावली. १९९८ पासून तिथे एकेका गाडीची मंजुरी सुरू झाली, २००९ मध्ये तिचं आजचं रूप आलं, त्याला आयव्हीए म्हणतात. इन्स्पेक्टर एकेक गाडी बसून तपासतो. १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा बाहेरून जिथे टेकू शकतो तिथल्या कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर हवी. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल. सीटबेल्टच्या पट्ट्यांचे आधार, स्टिअरिंगचा दांडा, आरसे, धूर, आणि ब्रेकमध्ये पुढची चाकं मागच्यांच्या आधी अडकतात का, सगळं पाहिलं जातं. नोंदणीलाही हिशेब आहे. मूळ गाडीचं किती उरलं याला बरीच वर्षं गुण दिले जात: चासीचे ५, सस्पेन्शन, ॲक्सल, गेअरबॉक्स, स्टिअरिंग यांचे प्रत्येकी २, इंजिनाचा १. चौदापैकी आठ आणि मूळ किंवा थेट कंपनीकडून आलेली नवी चासी असेल तरच जुनी ओळख टिकत असे. जुन्यानव्याचं मिश्रण असून वय ठरवता येत नसेल तर 'क्यू' अक्षराची पाटी. कोणालाही कळतं की ही बांधलेली गाडी आहे. तिथेही चलाख लोक आहेतच. तपासणीपुरती कडांना रबरी पट्टी लावायची आणि घरी येऊन उपटायची हा प्रकार सर्वश्रुत आहे. पण ब्रेकला रबरी पट्टी लावता येत नाही.

आता आपल्याकडे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हे मालकाचं झालं. आपल्यातले बरेच जण इथेच सुटकेचा श्वास टाकतात. त्यांनी 'डीलर' या शब्दाची कायद्यातली व्याख्या वाचावी. चासीवर बॉडी बांधणारा आणि गाड्या दुरुस्त करणारा असे दोघेही तिच्यात येतात. आणि नियमबाह्य बदल करणाऱ्या डीलरसाठी त्याच कलमात एका गाडीमागे १ लाख रुपये दंड किंवा वर्षभरापर्यंतची कैद किंवा दोन्ही आहेत. गिऱ्हाइकाचं 'माझ्यावर सोडा' इथे कामाला येत नाही. विमा कंपनीला न सांगितलेला बदल हे दावा नाकारायचं कारण होऊ शकतं, ते वेगळंच. २०२१ मधल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमाकडेही कोणी आशेने पाहू नये. तो ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे, प्रतिकृतीला तिथे जागा नाही.

आणि डोनरच्या चासीवरचा नंबराचा तुकडा कापून नव्या नळीवर वेल्ड करणं, याला कोणी कारागिरी म्हणू नये.

आपल्याकडे हुन्नर नाही असं मात्र कोणी म्हणू नये. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या वळणाची रोडस्टर इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घालून बनवली. हे इंजिन आपल्या मिस्त्रींना कॉन्टेसा आणि ॲम्बॅसडरमुळे अंगवळणी पडलेलं. अडचण आहे ती एका गाडीला मंजुरी देणारी खिडकी नसण्याची. आजची मंजुरीची पद्धत कारखान्यासाठी आखलेली आहे. मॉडेलचा नमुना एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडे जातो, चाचण्या होतात, त्यांचा खर्च पुढच्या हजारो गाड्यांवर वाटला जातो. एकच गाडी बांधणाऱ्याने तो कशावर वाटायचा?

तरी नमुना आपल्या डोळ्यांसमोर आहे. सीएनजी किट. किट चाचणी संस्थेकडून मंजूर झालेलं, बसवणारं केंद्र अधिकृत केलेलं, काम झालं की आरटीओ आरसीवर नोंद करतं. ज्वलनशील वायू पाठीमागे घेऊन फिरणाऱ्या गाडीसाठी ही व्यवस्था पुरेशी मानली गेली. चासी आणि बॉडीच्या संचासाठीही याच धर्तीची व्यवस्था शक्य आहे: संच एकदा मंजूर, बांधणारं गॅरेज अधिकृत, आणि तयार झालेली प्रत्येक गाडी ब्रेक, पट्ट्यांचे आधार, स्टिअरिंग व धूर यांसाठी तपासलेली. वर्षाला किती गाड्या, याला मर्यादा घातली तरी चालेल. अमेरिकेने प्रत्येक छोट्या उत्पादकाला वर्षाला ३२५ प्रतिकृतींची मर्यादा घातलीच आहे. एआरएआय पुण्यातच आहे. ही मागणी महाराष्ट्रातल्या कारागिरांनी पुढे न्यावी, हे साहजिक आहे.

मागणी घेऊन जाताना हातात काय असेल, हा प्रश्न आहे. परदेशी गाड्यांचे चकचकीत फोटो तिथे उपयोगाचे नाहीत. आपण बांधलेल्या गाडीची फाइल हवी: डोनरच्या खरेदीची पावती, सोडवतानाचे फोटो, कोणता भाग मूळ आणि कोणता नवा याची यादी, चासीच्या नळीची जाडी, वेल्डरचं नाव, चार कोपऱ्यांची वजनं, ब्रेकचा हिशेब. अशी फाइल आज किती गॅरेज दाखवू शकतील? फार नाहीत, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

तोपर्यंत प्रतिकृती बांधायचीच असेल तर ती रस्त्यासाठी नाही, खासगी आवारासाठी किंवा ट्रॅकसाठी, असं गिऱ्हाइकाला अंदाजपत्रकातच लिहून द्या आणि त्याची सही घ्या. डोनर पूर्ण सोडवली, ती पुन्हा गाडी म्हणून उभी राहणार नाही, असं ठरलं की कलम ५५ प्रमाणे मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं आणि आरसी परत करायची असते. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती येईपर्यंत नव्या चासीची नळी कापायला घेऊ नका.