पुसलेले गोंदण : नितळ चेहऱ्यांचा इतिहास

१/ पणजीचे एक जुने छायाचित्र आम्ही दुरुस्तीसाठी दिले होते. घडीची रेघ गेली, पिवळेपणा गेला आणि त्यांच्यासोबत पणजीच्या हनुवटीवरचे गोंदणही गेले. सॉफ्टवेअरमध्ये त्वचा नितळ करताना ते तीन ठिपके डाग म्हणून पुसले गेले. हा धागा त्या ठिपक्यांविषयी आहे.

२/ यावर घरात उमटलेली प्रतिक्रिया ठरलेली होती : “आताचे फोटो खोटे, जुने तेवढे खरे.” इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे मान्य करता येत नाही. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनातच म्युनिकच्या फ्रान्झ हान्फ्श्टेंगल यांनी एकाच व्यक्तिचित्राच्या दोन प्रती मांडल्या होत्या : एक मूळ, दुसरी हात फिरवलेली.

३/ यामागे तांत्रिक कारणही होते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या कलोडियन पद्धतीतील काच निळ्या प्रकाशाला तत्पर आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे गालावरची फिकट तांबूस पुटकुळीही छायाचित्रात काळी उमटे. म्हणजे आरंभीचे रिटचिंग काही अंशी काचेचीच चूक सुधारत होते.

४/ हे काम निगेटिव्हवर होई. कारागीर काच उजेडासमोर तिरकी धरी आणि टोकदार पेन्सिलीने सुरकुतीच्या पारदर्शक रेषेत शिसे भरी. तिथून प्रकाश कमी जाई आणि कागदावर ती रेषा उजळ होऊन विरून जाई. प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून ‘हा ठेवायचा की घालवायचा’ हे माणसालाच ठरवावे लागे.

५/ दुरुस्तीची खुशामत व्हायला वेळ लागला नाही. १९३१ साली जॉर्ज हरेल यांनी टिपलेल्या जोन क्रॉफर्डच्या चेहऱ्यावर दाट वांग दिसतात. रिटचिंगनंतरच्या प्रतीत त्यांचा मागमूस नाही. आज आपण हे सांगू शकतो, कारण दोन्ही प्रती टिकल्या.

६/ आपल्याकडचा एक धडा. भारतात देवीचे रुग्ण १९७५ पर्यंत आढळत होते. तरीही जुन्या स्टुडिओतील नितळ चेहरा पाहून ‘याला देवी आल्या नव्हत्या’ असा निष्कर्ष काढता येत नाही. वण नसणे हा पेन्सिलीचाही पुरावा असू शकतो.

७/ मग आज नवे काय? फोटोशॉप १९९० साली आले; २००२च्या आवृत्तीतील ‘हीलिंग ब्रश’ शेजारच्या त्वचेचा पोत उचलून डागावर बेमालूम बसवू लागला. आता अनेक फोन छायाचित्र जतन होण्यापूर्वीच त्वचा गुळगुळीत करतात. ठरवणारा हात उरला नाही आणि पुष्कळदा मूळ प्रतही उरत नाही. माझ्या मते खरी हानी ही दुसरी आहे.

८/ लग्नाच्या छायाचित्रातून कोणी स्वतःची पुटकुळी काढली, तर तो तिचा हक्क आहे. नॉर्वेत १ जुलै २०२२ पासून जाहिरातीत शरीराचा आकार वा त्वचा बदललेली असल्यास तसे चिन्ह छापावे लागते. घरच्या अल्बमला असा कायदा नाही, नसावाही. मात्र गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचे काय ‘डाग’, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

९/ म्हणून एवढेच करावे. मूळ प्रतीला हात लावू नये. स्कॅनची वेगळी फाईल करून तीवर काम करावे. काय बदलले, ते नावासह आणि तारखेसह लिहून ठेवावे. दुरुस्तीला देताना गोंदण, वण, तीळ दाखवून ‘हे राहू द्या’ असे सांगावे.

१०/ मेल्यावर सोबत येते ते फक्त गोंदण, अशी पणजीच्या पिढीची श्रद्धा होती. दागिने इथेच राहतात. तिने सुया सोसून घेतलेले ते तीन ठिपके आम्ही एका दुपारी गमावले असते. मूळ छायाचित्र घरी होते, म्हणून ते परत आणता आले.