रिकामटेकड्यांची कैफियत

काही महिन्यांपूर्वी विज्ञानकथेवरील एका परिसंवादात एका ज्येष्ठ समीक्षकांनी खंत व्यक्त केली. विज्ञानकथेचे चाहते एकत्र आले की कथेविषयी बोलतच नाहीत, असे त्यांचे निरीक्षण. कुणी कचेरीतले गाऱ्हाणे सांगतो, कुणी मुलाच्या शिक्षणाविषयी सल्ला मागतो, आणि उरलेला वेळ पडद्यावरच्या यंत्रमानवाच्या पोटात कोणता नट बसला होता याची उजळणी करण्यात जातो. आशय, रूपबंध, विज्ञानदृष्टी यांचा मागमूस नाही. हा वाचकवर्ग नव्हे, रिकामटेकड्यांचा कट्टा आहे, असे म्हणून ते खाली बसले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सवयीने. घरी परतताना मात्र त्या टाळ्यांची लाज वाटू लागली. निरीक्षण अचूक होते; निष्कर्ष साफ चुकीचा होता.

(यंत्रमानवाच्या पोटातला नट केनी बेकर. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधला आर-टू-डी-टू. हे मला पाठ आहे, आणि त्याबद्दल मी दिलगीर नाही.)

विज्ञानकथा हा वाङ्मयप्रकार अमेरिकेत कसा रुजला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी या कट्ट्याला हसू नये. ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेंबर्गहून तिकडे गेलेला, रेडिओचे सुटे भाग विकणारा गृहस्थ. एप्रिल १९२६ मध्ये त्याने ‘अमेझिंग स्टोरीज’ काढले. त्यातल्या बऱ्याचशा कथा पुनर्मुद्रित होत्या: वेल्स, व्हर्न, पो. वाङ्मयीन दृष्ट्या त्या मासिकात नवे असे फारसे काही नव्हते. पुढे त्यात वाचकांच्या पत्रांचे सदर सुरू झाले आणि पत्रांखाली लेखकांचे पूर्ण पत्तेही छापले जाऊ लागले. पोरे संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रे लिहू लागली. कुणी शाळेतल्या एकटेपणाविषयी लिहिले असेल, कुणी बापाच्या गेलेल्या नोकरीविषयी. मंदीचीच वर्षे ती. त्या पत्रव्यवहारातून मंडळे निघाली, मंडळांतून हाताने चक्रमुद्रित केलेली नियतकालिके निघाली, आणि १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले.

त्या पत्रांमधली एक मोहीम तर आपल्या समीक्षकांच्या काळजाला घरे पाडील अशी होती. बॉब टकर नावाच्या एका चाहत्याने मासिके तारेच्या टाचण्यांनी शिवण्याविरुद्ध एक संस्थाच स्थापन केल्याचे जाहीर केले, आणि त्याला विरोध करणारी दुसरी संस्थाही लगोलग उभी राहिली. शुद्ध चेष्टा. रिकामटेकडेपणाचा याहून निखळ नमुना मला ठाऊक नाही. हा टकर चित्रपटगृहात प्रक्षेपक चालवण्याचे काम करी. याच माणसाने १९४१ साली आपल्या घरगुती नियतकालिकात ‘स्पेस ऑपेरा’ हा शब्द घडवला. अंतराळातल्या साचेबंद, दळण दळल्यासारख्या साहसकथांना त्याने तो शिवीसारखा वापरला. परिसंवादात आमच्या समीक्षकांनी तो दोनदा उच्चारला. समीक्षेची ही संज्ञा विद्यापीठात जन्मलेली नाही. टाचण्यांवरून भांडणाऱ्या मंडळींनी ती दिली आहे. ज्याला एका क्षुल्लक गोष्टीवर पानभर मजेत लिहिता येते, त्यालाच दुसऱ्या, अजिबात क्षुल्लक नसलेल्या गोष्टीचे नाव एका फटक्यात सुचते. दोन्ही कामांना लागणारी जीभ एकच.

आता सल्ल्याविषयी. चाहत्यांनी एकमेकांना, किंवा पडद्यावरच्या पात्राला, आयुष्याचे सल्ले मागणे हे पोरकटपणाचे लक्षण मानले जाते. १९६८ साली एका अमेरिकन मुलीने एका किशोरवयीन मासिकामार्फत ‘स्टार ट्रेक’मधल्या मिस्टर स्पॉकला पत्र लिहिले. तिची आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. गोरी मुले तिला आपल्यात घेत नव्हती, आणि काळी मुलेही नाही. स्पॉक अर्धा मानव, अर्धा व्हल्कन. तेव्हा त्याला हे कळेल, असे तिला वाटले. स्पॉकची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉयने त्या मासिकातच तिला सविस्तर उत्तर दिले. स्पॉकचे बालपणही असेच दोन्हीकडून नाकारलेले होते, सर्वांना आवडण्याच्या खटाटोपापेक्षा स्वतःला घडवण्यात शक्ती घालवावी हे तो हळूहळू शिकला, असा त्या उत्तराचा आशय होता. उत्तर गोड नव्हते. सगळे ठीक होईल, असे पोकळ आश्वासन त्यात नव्हते.

या पत्राला विज्ञानकथेबाहेरची गोष्ट म्हणायचे काय? माझ्या मते ती मुलगी त्या वर्षातली सर्वोत्तम समीक्षक होती. दोन ग्रहांच्या संकरातून जन्मलेले पात्र कशाचे रूपक आहे, हे तिने कुणी न शिकवता ओळखले, आणि त्या रूपकाचा उपयोग काय, असा रोकडा प्रश्न थेट त्या पात्रालाच विचारला. तिच्या देशात आंतरवंशीय विवाहावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते. कथेचा अर्थ शोधणे आणि जगावे कसे ते विचारणे, ही दोन कामे तिने वेगळी केली नाहीत. ती आपण केली आहेत, आणि त्या फाळणीलाच गांभीर्य म्हणतो आहोत.

राहिली पडद्यामागची माहिती. ही टिंगल ऐकली की मला बालगंधर्व आठवतात. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग १९११ साली झाला, त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले, ही हकिगत आपण चार पिढ्या गहिवरून सांगत आलो आहोत. कोणत्या पदाला कितीदा वन्समोअर मिळे, शालू कुठून येत, अत्तर कोणते, याची चर्चा करणाऱ्याला आपण रसिक म्हणतो. मग स्पॉकची बोटे दोन-दोन अशी फाकवून केलेली अभिवादनाची खूण कुठून आली, हे सांगणाऱ्याला रिकामटेकडा का म्हणायचे? निमॉय लहानपणी बोस्टनमधल्या सिनेगॉगमध्ये वडिलांसोबत गेला असताना पुरोहित आशीर्वाद देत होते. त्या वेळी वर पाहायचे नाही, असा दंडक. पोराने चोरून पाहिले. हातांची ती मुद्रा त्याच्या डोक्यात राहिली आणि १९६७ साली ती परग्रहवासीयांचा नमस्कार होऊन पडद्यावर आली. युक्रेनमधून आलेल्या ज्यू स्थलांतरितांचा मुलगा एका परक्याची भूमिका करताना स्वतःच्या घरातली सर्वांत जुनी खूण काढून देतो. ही फुटकळ माहिती असेल, तर सगुण काय आणि निर्गुण काय, यावरच्या आमच्या टीपाही फुटकळच म्हणाव्या लागतील.

मान्य, हा कट्टा निर्मळ नाही. तपशिलाची हाव निर्दयही होते. ‘जेम्स टिप्ट्री’ या नावाने लिहिणारा लेखक साठ-सत्तरच्या दशकांत चाहत्यांना मनमोकळी पत्रे लिही, पण भेटत कुणालाच नसे. रॉबर्ट सिल्व्हरबर्गसारख्या जाणत्याने हे लेखन पुरुषाचेच असणार, असे छापून सांगितले. १९७६ मध्ये टिप्ट्रीने पत्रातून आईच्या मृत्यूचा उल्लेख केला. आई जुनी प्रवासी, शिकागोची. चाहत्यांनी मृत्युवार्ता धुंडाळली आणि वारस म्हणून एकच नाव सापडले: ॲलिस शेल्डन. मुरंब्याच्या बरणीवरून उचललेले ते नाव असे गळून पडले. मुखवटा उतरवण्याची घटका तिने निवडलेली नव्हती, आणि पुढे तिला पूर्वीसारखे लिहिणे अवघड गेले. शिवाय नव्याने आलेल्या मुलीची तपशिलांवर तोंडी परीक्षा घेऊन तिला उंबऱ्यावरूनच परतवण्याची खोडही या मंडळींत आहे. तिचा कैवार मी घेणार नाही. पण ज्या पत्रांनी टिप्ट्रीचा घात केला, त्याच पत्रांत शेल्डनबाईंना आयुष्यात प्रथमच बरोबरीने बोलणारी माणसे भेटली होती, हेही विसरता येत नाही.

आता आपल्या घरात येऊ. मराठी विज्ञानकथेला लेखक कमी पडले नाहीत. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला बक्षीस मिळाले, तेव्हा ना. वि. जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकरच, आद्याक्षरे उलटी केलेले, हे नंतर उघड झाले. (ही हकिगत आपले गंभीर समीक्षकही प्रत्येक भाषणात सांगतात. ती मात्र फुटकळ नसते.) लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, यादी चांगली लांब आहे. नारळीकर २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २० मे २०२५ रोजी गेले. त्यानंतर जे लेख आले, त्यांतले बहुतेक आदरांजलीचे होते. वैज्ञानिक म्हणून आदर, भाषेवरच्या निष्ठेबद्दल आदर. त्यांच्या एखाद्या कथेवरून मित्राशी भांडण झाले, एखादी कथा वाचून आपण शाखा बदलली आणि पस्तावलो, असे सांगणारे लेख मी शोधत राहिलो. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडले.

याचे कारण उघड आहे. आपण विज्ञानकथेला प्रबोधनाच्या खात्यावर टाकले. जाणता व्यासपीठावर, अजाण खाली सतरंजीवर. खालच्यांनी ऐकायचे, फार तर शंका विचारायची, तीही विज्ञानाची. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ पाहणारी, गच्चीवर बोटे फाकवून एकमेकांना सलाम करणारी मुले या महाराष्ट्रात हजारोंनी होती. मी त्यांतलाच एक. ती मुले पुढे कुठे गेली? अभियंते झाली, परदेशी गेली, आणि विज्ञानकथेविषयी बोलायचे झाले की इंग्रजीत बोलू लागली. तिथे त्यांना कुणी रिकामटेकडे म्हणत नव्हते. त्यांच्या गप्पा मराठीत झाल्या असत्या, तर ‘हायपरस्पेस’ला एखादा सुटसुटीत, तोंडात बसणारा मराठी शब्द एव्हाना रुळला असता. परिभाषा समित्यांनी केलेले शब्द कोशात राहतात, कारण त्या शब्दांत कुणी कधी भांडलेले नसते.

म्हणून विज्ञानकथा विशेषांक काढणाऱ्या संपादकांना माझी एक मागणी आहे. प्रास्ताविक चार पानांचे असते, ते एका पानावर आणा. उरलेली तीन पाने वाचकांच्या पत्रांना द्या आणि पत्रे निवडताना ती विषयाला धरून आहेत का, हे पाहू नका. कागद महाग झाला आहे, ही सबब मला ठाऊक आहे. परिसंवादाचे वृत्तांत छापताना तो स्वस्त कसा होतो, तेही ठाऊक आहे. पहिले पत्र मी पाठवीन. निवृत्तीनंतर गावी जावे की शहरातच राहावे, याविषयी मला सल्ला हवा आहे, आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ रविवारी लागत असे की नाही, यावरून धाकट्या भावाशी माझा जुना वाद आहे.