पिशवी कोणी भरली?

जुलैच्या पहिल्या शनिवारी लेकाच्या शाळेत स्काऊट-गाईडच्या नव्या पालकांची सभा होती. स्काऊटचे सर म्हणाले, "ताई, तुम्ही आता जुन्या झालात. पाच मिनिटं बोला." मी बोलले. मग प्रश्न सुरू झाले. गणवेश कुठे मिळतो, शिबिरात फोन चालतो का, दहावीला मार्क मिळतात का. घंटा वाजली आणि सभा संपली. सांगायचं होतं ते स्कूटर नागपूरच्या गर्दीत शिरल्यावर आठवलं. ते इथे सांगते.

आमच्या लेकाच्या पहिल्या शिबिराची पिशवी मी भरली होती. तो पाचवीत होता. रामटेकच्या बाजूला दोन रात्रींचा मुक्काम आणि डिसेंबरची थंडी. माझी तयारी आठ दिवस चालली. कपड्यांचा एकेक जोड वर्तमानपत्रात गुंडाळून वर वार लिहिला. चिवड्याचा डबा, शंकरपाळ्यांचा डबा, सर्दीची गोळी, पोटाची गोळी, डासांचं मलम. सगळ्यांत खाली चादर, आणि फुटू नये म्हणून चादरीच्या घडीत टॉर्च.

तिसऱ्या दिवशी पोरगा आला तो गेला त्याच कपड्यांत. पिशवी मी भरली होती तशीच. फक्त शंकरपाळ्यांचा डबा रिकामा. दोन रात्री तो मित्राच्या सतरंजीच्या टोकावर कुडकुडत झोपला होता.

"अरे, चादर दिली होती ना?"

"दिसली नाही."

"आणि टॉर्च?"

"तू टॉर्च दिलाच नव्हतास!"

मी तरातरा सरांकडे गेले. मुलांकडे लक्ष कसं नाही, असं काहीबाही बोलले. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, पिशवी कोणी भरली होती?"

पुढे बोलायला माझ्याकडे काही उरलं नाही.

आता सभेतल्या प्रश्नांकडे येते. पहिला प्रश्न दरवर्षी हाच असतो: हे एनसीसीसारखंच ना? नाही. एनसीसी संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, तिथे कवायत आणि शस्त्रांची ओळख असते. स्काऊट-गाईड ही ऐच्छिक, बिगरराजकीय चळवळ आहे. तिचा जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल लष्करी अधिकारी होता, ऐन तारुण्यात हिंदुस्थानात नोकरीलाही होता. पण मुलांसाठी त्याने जे उभं केलं त्यात बंदूक नव्हती. तंबू, दोरी, रानातल्या पाऊलखुणा आणि शेकोटी होती. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर त्याने २० मुलांचं शिबिर भरवलं. काही मुलं श्रीमंतांच्या शाळांतली, काही कष्टकऱ्यांच्या घरांतली. त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा. पालक त्या बेटावर नव्हते. मला वाटतं, म्हणूनच तो प्रयोग यशस्वी झाला.

आपल्या देशात १९०९ मध्ये स्काऊटिंग आलं तेव्हा त्यात भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. मध्य प्रांतात १९१३ मध्ये भारतीय मुलांसाठी ते सुरू करण्याचं श्रेय व्हिव्हियन बोस यांना दिलं जातं. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. अॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनीही संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० ला, सगळ्यांची मिळून 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' झाली आणि पुढच्या वर्षी गाईड्सही तीत आल्या. मुलींच्या पालकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. गाईड्सची जगभरात पाच जागतिक केंद्रं आहेत. त्यातलं एक, 'संगम', आपल्या पुण्यात आहे, १९६६ पासून.

वयाचं गणित सोपं आहे. दहा वर्षांपर्यंत मुलगा कब आणि मुलगी बुलबुल. त्यानंतर स्काऊट आणि गाईड. कॉलेजात गेल्यावर रोव्हर आणि रेंजर. कबांची भाषा ऐकून घाबरू नका. आमचा लेक तिसरीत असताना घरी येऊन म्हणायचा, "आज अकेला आलेच नाहीत." त्याच्या आजीला वाटलं, कोणीतरी एकटा-दुकटा बिचारा माणूस असावा. अकेला म्हणजे किपलिंगच्या मोगलीच्या गोष्टीतला लांडग्यांच्या कळपाचा पुढारी. कब पथकाच्या प्रमुखाला मुलं त्याच नावाने हाक मारतात. त्या गोष्टीतलं शिवनीचं जंगल आपल्या हद्दीपलीकडेच आहे, हे सांगितल्यावर आजीला तो अकेला बराच जवळचा वाटायला लागला.

डाव्या हाताचं मात्र तिला अजून पटलेलं नाही. स्काऊट एकमेकांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. आफ्रिकेतल्या अशांती योद्ध्यांची गोष्ट सांगतात, की ढाल डाव्या हातात असते, ती खाली ठेवून तो हात पुढे केला म्हणजे तुमच्यावर विश्वास ठेवला. लेकाने ही गोष्ट आजीला रंगवून सांगितली. आजी म्हणाली, "त्यांच्याकडे असेल. माझ्यासमोर डावा हात पुढे करायचा नाही."

मुलांचा गणवेश: राखाडी शर्ट, गडद निळी पँट, गळ्यात स्कार्फ. घाईने सगळं विकत घेऊ नका. दुकानदार शर्टासोबत बिल्लेही पुढे करतो. ते घेऊ नका, कारण ते विकत घ्यायचे नसतात, मिळवायचे असतात. मूल आधी काही आठवडे सभांना येतं, वचन आणि नियम समजून घेतं, प्रवेशाची तयारी करतं. मग दीक्षाविधी होतो आणि तेव्हा त्याच्या गळ्यात स्कार्फ पडतो. स्कार्फाचा रंग पथकाचा असतो, तो आधी विचारा. आणि इस्त्री करून तो कपाटात ठेवू नका. हात मोडला तर त्याची झोळी होते, डोकं फुटलं तर पट्टी होते. आमच्याकडे त्याने एकदा मंडईतून आठ किलो संत्रीही आणली आहेत.

एक प्रश्न मात्र तुम्ही विचारा, कारण तो सहसा कोणी विचारत नाही: पथकाची सभा दर आठवड्याला होते का? काही शाळांत स्काऊट कागदावर असतो. वर्गणी घेतली जाते, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला गणवेश चढतो आणि बाकी वर्ष शिट्टी वाजत नाही. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण आमच्या आधीच्या शाळेत हेच होतं. प्रमुख प्रशिक्षित आहेत का, तेही विचारा. ज्यांच्या गळ्यात चामडी दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी दिसतील, ते हिमालय वुड बॅज पार केलेले. असे सर किंवा मॅडम भेटले तर त्यांना जपा. शनिवारची दुपार आणि सुट्टीचे दिवस ते आपल्या पोरांना देतात, त्याचा ओव्हरटाइम कोणी देत नाही. शाळेत पथक नसेल तर शाळेबाहेरची मुक्त पथकंही असतात. जिल्हा कार्यालयात चौकशी करा.

मार्कांविषयी. वाढीव गुणांचे नियम त्या वर्षी शाळेतच विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. रेल्वेभरतीत स्काऊट-गाईडसाठी जागा असतात, हेही खरं. पण वाट लांब आहे: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला काळ द्यावा लागतो. नववीत मार्कांसाठी नाव घालणाऱ्याला तेवढा काळच मिळत नाही, आणि पाचवीपासून येणाऱ्या मुलाला मार्कांची आठवण राहत नाही.

शिबिराच्या संमतीपत्रावर डोळे झाकून सही करू नका, आणि काही लपवूही नका. दमा, फिट, कसली अॅलर्जी, रात्री अंथरूण ओलं होणं, सगळं लिहा किंवा सरांना बाजूला घेऊन सांगा. सांगितलेली गोष्ट सर सांभाळून घेतात. न सांगितलेली रात्री दोन वाजता कळते. मुलींच्या शिबिरात बाई प्रमुख कोण आहेत, याची खात्री करणं हा तुमचा हक्क आहे. तो बजावताना संकोच नको. मग मात्र फोन करू नका. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे. पहिल्या शिबिरात मी रात्री साडेनऊला सरांना तीनदा फोन केला होता. तिसऱ्यांदा मागून मुलांच्या टाळ्या ऐकू आल्या. शेकोटी रंगात आली होती आणि माझ्यासाठी सर ती सोडून उठले होते.

आता खरी कमाई. स्काऊट मुलांनी स्वतःच्या कष्टाने चार पैसे मिळवायचे, हा या उपक्रमाचा अर्थ. आमच्याकडे मुलं शाळेच्या मैदानात स्टॉल लावतात. पहिल्या वर्षी लेकाच्या संघाने तर्री-पोहे लावले. पोहे मी भिजवले, तर्री शेजारच्या ताईंनी केली, शेव-कांदा संघनायकाच्या आईने चिरून दिला. मुलांनी पैसे मोजले. हिशेब लिहिताना सरांनी फळ्यावर 'खरी कमाई' लिहिलं आणि पुढे कंसात 'आयांची'. पुढच्या वर्षी मुलांनी लिंबू सरबत केलं. पहिलं भांडं इतकं खारट झालं की ते फेकावं लागलं, आणि फेकलेल्या लिंबांचे पैसे हिशेबात लिहावे लागले. नफा पोह्यांच्या निम्म्याहून कमी झाला. पण तो हिशेब लेकाला आजही तोंडपाठ आहे.

हीच गोष्ट बिनभांड्यांच्या स्वयंपाकाची. निखाऱ्यात वांगी आणि बटाटे भाजायचे, कणकेचे गोळे पानात गुंडाळून राखेत पुरायचे. शिबिरातून आल्यावर लेक हे मोठ्या ऐटीत सांगत होता. आजोबा ऐकून हसायला लागले. "अरे, हे तर आपले पानगे! गोवऱ्यांवर रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन आम्ही मोठे झालो. त्याला इंग्रजाचं शिबिर कशाला पाहिजे?" मग दोघांनी अंगणात विस्तव केला. मी स्वयंपाकघरातून डोकावत होते, कणीक जास्त सैल झाली आहे हे दिसत होतं आणि सांगायला ओठ शिवशिवत होते. गेले नाही. रोडगे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे झाले. दोघांनी तूप ओतून खाल्ले आणि मला म्हणाले, "एक नंबर झाले."

नव्या पालकांना सांगायचं राहिलं ते एवढंच आहे. स्काऊटमध्ये मूल गाठी शिकतं, तंबू ठोकतं, पाऊलखुणा ओळखतं. त्याच वेळी आपल्यालाही एक सोपान चढायचा असतो. सैल कणीक पाहून गप्प बसायचं, खारट सरबत विकत घेऊन प्यायचं, पिशवीला हात लावायचा नाही. त्याचा बिल्ला मिळत नाही, आणि मी सांगते, रीफ नॉटपेक्षा ते पुष्कळ अवघड आहे.

लेक आता आठवीत आहे. स्काऊट पथकात संघनायक झाला. पिशवी तोच भरतो. सुरुवातीच्या शिबिरांत एकदा दात घासायचा ब्रश राहिला, एकदा ताटली राहिली आणि तो तीन दिवस डब्याच्या झाकणात जेवला. आता यादी करतो. जी वस्तू आधी लागणार ती वर, रात्री लागणार ती बाजूच्या कप्प्यात. मी न विचारता हे मला समजावूनही सांगतो.

गेल्या आठवड्यात पावसात रात्री वीज गेली. मी चाचपडत त्याच्या पिशवीतून टॉर्च काढला. तोच जुना, चादरीच्या घडीतला. बटण दाबलं, पेटेना. परत दाबलं. म्हटलं, "बघ, सेल संपवून ठेवलेस. पुढच्या शिबिराला काय करशील?"

त्याने अंधारातच टॉर्च माझ्या हातातून घेतला. झाकण फिरवलं, एक सेल काढून उलटा घातला. खोलीभर उजेड पडला.

"पिशवीत बटण चुकून दाबलं गेलं तर सेल वाया जातात. म्हणून एक उलटा ठेवायचा असतो," तो म्हणाला. "तुला नव्हतं माहीत?"