शांतता म्हणजे कुशल नव्हे

काही वर्षांपूर्वी बंगळुरूमधील एका कार्यालयात मी रुजू झालो, तेव्हा तेथील स्टोरेज, म्हणजे सर्व दस्तऐवज साठवणारे उपकरण, आठवडाभर बंद होते. त्यातील डिस्कची रचना अशी होती की एक डिस्क निकामी झाली तरी काम चालू राहावे; दुसरी गेली की सारे संपले. पहिली डिस्क चार महिने आधीच गेली होती. उपकरणाने आपले कर्तव्य चोख बजावले होते. त्याच रात्री ईमेल पाठवला होता. तो गेला मात्र बदली होऊन दिल्लीस गेलेल्या अधिकाऱ्याच्या, केव्हाच बंद झालेल्या पत्त्यावर. मी खरेदीची फाईल मागवली. स्वीकृती अहवालात ‘ईमेल अलर्ट’ या रकान्यापुढे एकच शब्द होता : ‘उपलब्ध’.

माझे भांडण या शब्दाशी आहे. सोय असणे आणि सोय चालणे यांतील अंतर आपण कागदावर पुसून टाकतो, आणि मग शांततेलाच कुशल समजून बसतो.

हा दोष केवळ सरकारी नव्हे. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रॅमरांचे काम सांभाळणारी सेवा. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याच्या हातून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअप पाहू गेले, तर आज्ञावलीच्या दोन आवृत्त्यांचा मेळ नसल्याने तो होतच नव्हता. बॅकअप फसल्याचे ईमेल निघत होते. परंतु प्रेषकाच्या ओळखीची आवश्यक खूण त्यांवर नसल्याने ते नाकारले जात होते. योगायोगाने सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती होती, म्हणून निभावले. तरीही सुमारे ५,००० प्रकल्पांची नोंद गेली. कंपनीने ही सर्व हकीकत जाहीर केली, हा तिचा मोठेपणा. आपण अशा वेळी चौकशी समिती नेमतो आणि तिचा अहवाल कपाटात ठेवतो.

शिवाय एकदा चाललेली व्यवस्था कायम चालेल, असेही नाही. ३० मे २०२२ पासून गूगलने केवळ नाव व पासवर्ड देऊन जीमेल वापरण्याची जुनी पद्धत बंद केली. ज्या उपकरणांचे अलर्ट त्या मार्गाने जात होते, ती त्या दिवसापासून मुकी झाली. यंत्राचा दिवा हिरवा. आवाज मात्र गेलेला.

‘आम्ही टेस्ट मेल पाठवून पाहिला होता,’ असे पुरवठादार सांगतात. टेस्ट मेलने एवढेच सिद्ध होते की त्या दिवशी उपकरणापासून टपालपेटीपर्यंत रस्ता मोकळा होता. बिघाड झाला तर उपकरण तो ओळखेल काय, आणि पत्र आल्यावर कोणी जागचे हलेल काय, या दोन प्रश्नांना त्यात उत्तर नाही.

दुसरा आक्षेप ‘ईमेल फार येतात’ हा. तो खरा आहे. म्हणूनच ज्यावर कृती करावयाची तेवढेच पाठवावे. उरलेले नोंदवहीत राहू द्यावे. तिसरा आक्षेप खर्चाचा. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. मला हा हिशेब समजत नाही. चाचणीस एक दुपार लागते. गेलेला दस्तऐवज कोणत्याही किमतीस परत मिळत नाही. अडचण खर्चाची नाही. ज्याने सही करावयाची त्याला नुकसान सोसावे लागत नाही, ही आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. उपकरण स्वीकारताना, त्यात माहिती भरण्यापूर्वी, एक डिस्क प्रत्यक्ष ओढून काढावी आणि आलेल्या ईमेलची प्रत अहवालास जोडावी. पुढे दर तिमाहीस, दोन वीजपुरवठे असतील तर, दुसरा नीट चालू असल्याची खात्री करून एकाची वायर काढून पाहावी. अलर्टचा पत्ता व्यक्तीचा नसावा, पदाचा असावा, आणि तो किमान दोघांकडे जावा. कार्यभार सोपवण्याच्या यादीत किल्ल्यांच्या बरोबरीने त्याची नोंद असावी. आणि उपकरणाने दररोज ‘सर्व ठीक’ असे कळवावे. गल्लीतला गुरखा रात्री काठी आपटत जातो. ती ऐकू आली नाही, तर जागे झाले पाहिजे.

आपल्यापैकी अनेक मराठी माणसे याच शहरात अशी यंत्रे सांभाळतात. त्यांना माझी विनंती आहे : उद्या कचेरीत गेल्यावर कोणालाही न सांगता विचारा, ‘शेवटचा खरा अलर्ट कधी आला होता, आणि तो कोणी वाचला?’ उत्तर ‘उपलब्ध’ असे आले, तर त्याच दुपारी वायर काढा.