रक्ताचा प्रश्न विधान भवनात कोण विचारणार?

मित्रांनो, डिसेंबर उजाडला की आपल्या नागपूरचं रूपच पालटतं. हिवाळी अधिवेशन! सायरनच्या गाड्या, ठिकठिकाणी बॅरिकेड्स, सीताबर्डीकडचे रस्ते बंद आणि विधान भवनाकडे निघालेले मोर्चे. आपण हॉस्टेलवाले वैतागतो, "आज पुन्हा ऑटो फिरून जाणार!" पण मागितल्याशिवाय काही मिळत नाही, हे मला सिकल सेलच्या आजाराने शिकवलं.

हा रक्ताचा आनुवंशिक आजार. ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. विदर्भात हा आजार आदिवासी, दलित आणि ओबीसी समाजांत जास्त दिसतो. म्हणजे ज्यांचा आवाज मुंबई-दिल्लीपर्यंत सहजासहजी पोचत नाही, त्यांच्यात!

आमच्या विंगमध्येच असा एक मुलगा आहे. थंडी वाढली, जागरण झालं, पाणी कमी पडलं की बिचाऱ्याला उभं राहवत नाही. आणि पोरं काय म्हणतात? "सबमिशन आलं की हा बरोबर आजारी पडतो." अटेंडन्सचं रजिस्टरही तेच म्हणतं.

आता थोडा इतिहास. 1910 साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या पेशींचं वर्णन छापलं. पण अमेरिकेत त्यासाठी खास कायदा झाला 1972 मध्ये, तोही कृष्णवर्णीय समाजाने आवाज उठवल्यावर. आपल्याकडे काय झालं? नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातल्या सिकल सेलवरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला 1958 साली. राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मिशन सुरू झालं 1 जुलै 2023 ला. मधे 65 वर्षं! राज्याने त्याआधी आपला कार्यक्रम सुरू केला होता हे खरं, पण देशाला जागं व्हायला इतका वेळ लागला. ज्ञान कमी नव्हतं हो, विचारणारे कमी होते.

जे थोडे होते त्यांच्यात आपल्या नागपूरचे संपत रामटेके. सिकल सेल सोसायटीमार्फत त्यांनी लोकांमध्ये आणि सरकारदरबारी वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकल सेलचा समावेश झाला, तोही अशाच मागण्यांमुळे.

मग आता सगळं आलबेल आहे का? मुळीच नाही! त्याच कायद्याचं कलम 32 बघा. 40 टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर उच्च शिक्षणात राखीव जागा आहे. पण सरकारी नोकरीतल्या आरक्षणाच्या कलम 34 च्या यादीत रक्ताचे आजार नाहीतच. म्हणजे कॉलेजात या, डिग्री घ्या, पुढचं तुमचं तुम्ही बघा. हे कुठलं लॉजिक?

संशोधनाचंही तसंच. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने सिकल सेलवरच्या जीन थेरपीला मंजुरी दिली. किंमत 22 लाख डॉलर! गडचिरोलीच्या पेशंटने हा आकडा नुसता वाचायचा. दिल्लीच्या आयजीआयबीमध्ये भारतीय थेरपीवर काम झालं आहे. अशा कामाला सरकारने सतत पैसा दिला तरच औषध आपल्या माणसाला परवडेल. आणि स्वस्त टेस्ट किट बनवायला इंजिनिअरही लागतातच की!

कोणी म्हणेल, सरकारपुढे प्रश्न काय कमी आहेत? मान्य. पण म्हणूनच विचारायचं. जो विचारत नाही, त्याचा नंबर शेवटी लागतो.

मी कॉन्व्हेंटवाला, मराठीत अर्ज लिहायचा म्हटलं की घाम फुटतो. तरी माझ्या आमदारांना पत्र लिहायला घेतलंय. मागण्या तीन: कलम 34 मध्ये बदलासाठी केंद्राकडे शिफारस, संशोधनाला निधी, आणि प्रत्येक कॉलेजात ऐच्छिक व गोपनीय रक्ततपासणी. आपल्या हॉस्टेलमध्ये भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, सगळीकडची मुलं आहेत. प्रत्येकाने आपापल्या आमदाराला एक पत्र टाकलं तर? आपण मतदार आहोत, मित्रांनो. आणि अधिवेशन तर आपल्याच गावात भरतं!