गोणीतला गड्डा

दोस्तांनो, सेलेरियाक हे नाव कधी ऐकलंय? सॅलडमधल्या सेलरीचा हा भाऊबंद. युरोपात तो बागेत लावतात आणि त्याचा खडबडीत गड्डा शिजवून खातात. पण त्याला महिनोन् महिने थंड हवा लागते. ठाण्या-डोंबिवलीच्या उकाड्यात तो कुठला जोर धरायला!

आपला गड्डा म्हणजे सुरण. मे महिन्यात बाजारातून डोळा असलेला तुकडा आणा. रिकाम्या गोणीला खाली भोकं पाडा, माती नि शेणखत भरा, तुकडा चार बोटं खोल पुरा आणि गोणी उन्हाच्या गॅलरीत ठेवा. पावसाळ्यात छत्रीसारखं पान उघडेल. आपल्याला खोड वाटतं, तो खरं तर पानाचा देठ! बहुधा हे एकच पान असतं आणि गड्डा पोसतो तो त्याच्याच जिवावर. ते मोडलं की संपलं. तेव्हा क्रिकेटचा चेंडू आणि धाकटी भावंडं, दोघांनाही तिथून लांब ठेवा. 'किती वाढला?' म्हणून उकरून बघायचं नाही हं! दिवाळीनंतर पान पिवळं पडून लोळलं की मगच काढा.

सुरण खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून चिरताना हाताला तेल लावतात आणि भाजीत चिंच किंवा आमसूल घालतात. कच्चा मुळीच चाखू नका.

सुरणाचा रानातला चुलतभाऊ म्हणजे शेवळं. जूनमध्ये आदिवासी बायका ती ठाणे-कल्याणच्या बाजारात आणतात. त्यांच्याकडून काकडाची आंबट फळंही मागून घ्या. शेवळांची खाज मोडायला तीच लागतात.